डबा स्वयंपाकघरातला, चेहरा नणंदेचा

पत्र थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताई तिशीच्या आतबाहेरच्या. वर्षभरापासून त्या घरीच स्क्रब करतात. त्यात साखर, खोबरेल तेल, लिंबाचा रस आणि किसलेली साल, चिमूटभर हळद, चमचाभर खायचा सोडा आणि गाळून उरलेला कॉफीचा चोथा असतो. महिनाभराचं एकदम कालवून बरणी न्हाणीघरात ठेवतात आणि आठवड्यातून तीन-चारदा रात्री चेहरा, मान, कोपरं, गुडघे चोळतात. बाजारातल्या केमिकलपेक्षा घरचं बरं, या विचाराने एक बरणी त्यांनी धाकट्या नणंदेला दिली. तिने एका सकाळी स्क्रब चेहऱ्याला चोळला, पाण्याने धुतला आणि बाहेर पडली. दिवस उन्हातच गेला. दुसऱ्या दिवशी गालांवर आणि हनुवटीवर लाल चट्टे उठून आग व्हायला लागली. आता तिथे तपकिरी डाग पडलेत. तेव्हापासून नणंद फोन उचलत नाही. सासूबाई एकच वाक्य बोलल्या आणि गप्प झाल्या. नवरा म्हणतो, "विषयच काढू नकोस, आपोआप निवळेल." ताईंचं म्हणणं असं: "तीच बरणी मी वापरते, मला काही झालं नाही. तिची त्वचा नाजूक, त्याला मी काय करू? लावल्यावर थोडं झणझणतं, पण ती काम करत असल्याचीच खूण ना?" पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. मानेचा काळेपणा वर्षभर घासूनही गेला नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो, तर कुठला घटक वाढवू? आणि भेट द्यायला चार बरण्या तयार आहेत, त्या द्याव्यात का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. त्या बरण्या कुणालाही देऊ नका.

बाकीचं जरा सावकाश बोलू. तुम्ही विचारलंय प्रमाण कसं सुधारायचं ते. पण पत्र वाचताना मला वाटत राहिलं की तुम्हाला खरं तर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवंय: यात माझी चूक आहे का? म्हणून "तिची त्वचा नाजूक" हे पत्रात पुन्हा पुन्हा येतं. तुम्ही वाईट हेतूने काही केलेलं नाही, हे मी लिहायची गरज नाही. पण नाजूक त्वचेचा मुद्दा मात्र मला पटत नाही.

दोघींनी एकाच बरणीतलं लावलं, हे खरं. तुम्ही रात्री लावलंत आणि झोपलात. तिने सकाळी लावलं आणि ती उन्हात गेली. सगळा फरक बहुधा इथेच आहे. लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरोकुमरिन जातीची द्रव्यं असतात. ती त्वचेवर नुसती असली तर विशेष काही होत नाही. त्यांच्यावर उन्हातले यूव्हीए किरण पडले की मात्र ती पेशींना भाजल्यासारखी इजा करतात. आणि हे लगेच दिसत नाही, म्हणूनच फसगत होते. साधारण एका दिवसाने लाली येते, आग होते, कधी फोड उठतात. दोन-तीन दिवस ते वाढतं. मग लाली ओसरते आणि तपकिरी डाग उरतात. डागांचे आकारही चमत्कारिक असतात. रस ओघळला असेल तिथे ओघळासारखे, बोट टेकलं असेल तिथे बोटासारखे. डॉक्टर याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. उघड्यावर, भर उन्हात सरबतं आणि पेयं बनवणाऱ्यांच्या हातांवर ते दिसतं.

ही ॲलर्जी नव्हे. त्याला नाजूक कातडीही लागत नाही. रस, ऊन आणि मध्ये पुरेसा वेळ, एवढं जमून आलं की ते कुणालाही होऊ शकतं. तुमच्या मिश्रणात तेल आहे आणि तेलकट थर नुसत्या पाण्याने पुरता निघत नाही, हेही लक्षात घ्या. अर्थात चार ओळींच्या वर्णनावरून निदान करणं माझं काम नाही. ती साधी आगही असेल, एखाद्या घटकाची ॲलर्जीही असेल. ते त्वचारोगतज्ज्ञ बघून सांगतील. पण वर्णन इतकं जुळतं की "मला काही झालं नाही" हा बचाव फार टिकत नाही.

आता त्या "केमिकल"कडे येते. बाजारच्या बरण्यांवर तुमचा विश्वास नाही, आणि त्याला अगदीच आधार नाही असं नाही. कित्येक वर्षं कारखान्यातल्या स्क्रबमध्ये खरखरीतपणासाठी प्लास्टिकचे बारीक मणी घालत होते. ते धुतल्या पाण्याबरोबर नद्यांमध्ये आणि समुद्रात जात राहिले. शेवटी कायदे करावे लागले. अमेरिकेत असा कायदा २०१५ साली झाला, ब्रिटनमध्ये २०१८ साली बंदी आली. त्यांच्या तुलनेत साखर केव्हाही बरी, ती विरघळून जाते. इथवर मी तुमच्या बाजूने आहे.

पण लिंबू हेही रसायनच आहे, आणि जहाल आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच (म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जवळपास. हा आकडा एकाने खाली आला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे हा फरक जवळजवळ हजारपटीचा. उलट खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या वर, म्हणजे अल्कधर्मी. त्वचेचं संरक्षण करणारा स्निग्ध थर बांधायचं काम तिथली विकरं (एन्झाइम) करतात आणि त्यांना ती किंचित आम्लताच लागते. तुम्ही आधी जहाल आम्ल आणि मग त्याच्या विरुद्ध टोकाचा अल्क घालता. दोन्ही एकमेकांना नरम करतील असं तुम्हाला वाटत असेल. करतात थोडंफार. पण ते बरणीतच, कालवतानाच. जो फेस फसफसून वर येतो तो कार्बन डायऑक्साइड वायू, आणि तो उडून जातो. मागे राहतं सायट्रेटचं मीठ, पाणी आणि दोघांपैकी जे जास्त पडलं असेल त्याचं उरलेलं. फेसाला बघून "कामाला लागलं" असं वाटतं खरं, पण काम झालेलं असतं ते बरणीतल्या बरणीतच.

खाता येतं ते अंगाला चालतंच, हा समज यापेक्षा खोल रुजलेला आहे. तुमच्यासारखी अनेक पत्रं येतात आणि बहुतेकांत हे वाक्य असतंच. पोट आणि कातडी अन्नाकडे एकाच नजरेने बघत नाहीत. पोटातून गेलेलं अन्न आपलं आहे हे शरीर शिकतं. तेच अन्न खरचटलेल्या, घासलेल्या, कोरड्या पडलेल्या त्वचेतून आत शिरलं तर शरीर कधी कधी त्याला शत्रू मानायला शिकतं. जपानमध्ये एका तोंड धुण्याच्या साबणात गव्हाचं प्रथिन बारीक तोडून घातलेलं होतं. तो वापरणाऱ्या २ हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाल्याचं पुढे निष्पन्न झालं. आधी निवांत गहू खाणाऱ्या माणसांना नंतर तो खाल्ल्यावर अंगावर गांधी उठू लागल्या, काहींना श्वास घ्यायला त्रास झाला. २०११ साली तो साबण बाजारातून परत बोलवावा लागला. तुमच्या साखर-तेलाने असं होईल असं मी म्हणत नाही. पण स्वयंपाकघरातली वस्तू आहे म्हणून तिला विचारपूस न करता चेहऱ्यावर प्रवेश, हे थांबवायला हवं. इसबाने फुटलेल्या त्वचेवर तर कुठलंही पीठ, दूध, अंडं किंवा सुक्या मेव्याची पूड चोळू नये.

आणि झणझणणं? ती त्वचेची तक्रार आहे. दालचिनी लावली की झणझणतं, मीठ लागलं की झणझणतं, पुदिन्याचं तेल लागलं की गार वाटून झणझणतं. यातल्या कशानेही मळ निघत नाही. सालपटं काढायचं काम नीट होतं तेव्हा काहीच जाणवत नाही.

आता तुमच्या मानेबद्दल. माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे आणि तुम्ही ती शेवटी, ताजा कलम लिहावा तशी लिहिली आहे. "मला काही झालं नाही" असं तुम्ही म्हणता आणि खाली लिहिता की मान आणखी काळी झाली. मग झालंय की.

आपण काय घासतो ते जरा बघू. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, साधारण पंधरा-वीस पदरांचा असतो. पण हे सगळे पदर मिळून जाडी भरते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून ते पन्नासाव्या भागापर्यंत. वहीचा कागदही याच्या कित्येक पट जाड असतो. तळवे-तळहात तेवढे वेगळे, तिथे तो पुष्कळ जाड. हा थर आतलं पाणी आत ठेवतो आणि बाहेरचं बाहेर. तो झिजून आपोआप गळतो आणि खालून नवा येतो. तरुण वयात या सगळ्या फेऱ्याला चारेक आठवडे लागतात, वय वाढतं तसे जास्त. आठवड्यातून तीन-चारदा साखर, सोडा आणि चोथा लावून त्याला घासलं तर नवा थर तयार व्हायच्या आत जुना निघतो. मग त्वचा कोरडी पडते, ताणल्यासारखी वाटते, साधं मॉइश्चरायझरही चुणचुणायला लागतं. आपल्याला वाटतं अजून मळ आहे, आणि आपण आणखी घासतो.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेचं आणखी एक आहे. तिला सतत घर्षण झालं, सूज आली, की ती मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य जास्त बनवते. म्हणजे काळेपणा घालवायला घासायचं आणि घासल्याने काळेपणा वाढायचा. नायलॉनच्या जाळीने किंवा खरखरीत पंचाने वर्षानुवर्षं पाठ, मान आणि दंड घासणाऱ्यांच्या अंगावर असे काळपट पट्टे त्वचारोगतज्ज्ञ नेहमी बघतात. तुमच्या मानेचं उत्तर कदाचित एवढंच असेल आणि घासणं बंद केल्यावर दोन-चार महिन्यांत फरक दिसेल.

पण आणखी एक शक्यता आहे आणि ती तपासल्याशिवाय सोडू नका. आरशात मान बघा, बोट फिरवा. तिथली त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागते का? घड्यांमध्ये रंग जास्त गडद आहे का? काखेतही तसंच आहे का? असेल तर त्याला ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. तो मळ नव्हे आणि कुठल्याही स्क्रबने जात नाही, कारण त्याचं मूळ बहुतेक वेळा आत असतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा तो दिसतो. अशा वेळी डॉक्टर रक्तातली साखर तपासायला सांगतात. साखर वाढलेली असो वा नसो, तपासणी करून घेणं शहाणपणाचं. घाबरवत नाही मी. उलट ती मान वर्षभर एक निरोप देत असेल आणि आपण तो घासून पुसत असू, तर तेच जास्त त्रासाचं ठरेल.

कोपरं आणि गुडघ्यांची कातडी मुळातच जाड आणि गडद असते. तिथे टेकून बसणं कमी करा. रात्री युरिया असलेलं मलम लावा, ते स्क्रबपेक्षा जास्त मऊपणा आणतं.

तर मग स्क्रब बंदच करायचा का? तसं माझं मत नाही. आवडीने काही कालवून हातपाय मऊ करण्यात एक सुख आहे, ते मी कुणाकडून काढून घेणार नाही. फक्त त्यातून अर्धी यादी वगळा आणि बरणी वगळा.

घटकांची पारख करायची एक साधी रीत सांगते. बारीक साखरेची चिमूट आणि पाण्याचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन हळू चोळा. आधी दाण्यांच्या कडा टोचतात, मग त्या गोल होत जातात, मग गुळगुळीत चिकटपणा उरतो आणि दाणा सापडतच नाही. आता हेच कॉफीच्या चोथ्याने करा. कितीही चोळलं तरी प्रत्येक कण पहिल्याइतकाच टोकदार. अक्रोडाच्या कवचाची पूड, जर्दाळूच्या बियांची पूड, वाळू यांचंही तेच. साखर आपली आपण हार मानते, म्हणून तुमचा हात चुकला तरी ती थोडं सांभाळून घेते. चोथा सांभाळून घेत नाही. मिठाचा दाणाही विरघळतो, पण कुठे बारीकसं कापलं असेल, नुकते पाय रेझरने साफ केले असतील, तर अक्षरशः डोळ्यांत पाणी येतं.

म्हणून माझ्या मते घरच्या स्क्रबला दोनच गोष्टी पुरतात. दोन चमचे बारीक साखर आणि एक चमचा तेल, एका वेळेपुरतं, लावायच्या आधी वाटीत कालवलेलं. पिठीसाखर नको, ती लगेच विरघळून जाते. जाड, मोठ्या दाण्याची साखरही नको. हात, पाय, कोपरं यांच्यासाठी खोबरेल तेल चालेल, पण पाठीवर किंवा छातीवर पुरळ येत असेल तर तिथे ते टाळा, कारण ते रंध्रं बुजवणाऱ्या तेलांत गणलं जातं. हळद काढून टाका. तिने डाग पडतात आणि एवढ्या वेळात ती त्वचेचं भलं करेल असं काही नाही. लिंबू आणि सोडा तर अजिबात नको. मध चालेल. ओठ फुटत नसतील तर त्यांच्यासाठी साखरेत तेलाऐवजी मध घ्या.

त्वचा आधी कोमट पाण्याने ओली करा, बोटांच्या पेरांनी लहान लहान गोल फिरवा, अर्ध्या मिनिटात आवरा. जोर लावायचा नाही. कुणाच्या झोपलेल्या बाळाचा गाल पुसताना जेवढा लावाल तेवढाच. धुवा, टॉवेलने टिपा आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून एकदा पुष्कळ झालं, आणि दोन आठवड्यांतून एकदा केलं तरी काही बिघडत नाही. फरशीवर तेल सांडलेलं असतं, ते साबणाने धुऊनच बाहेर या. पाय घसरून पडल्याच्या तक्रारी चट्ट्यांपेक्षा कमी नाहीत, फक्त त्या माझ्याकडे येत नाहीत, हाडाच्या डॉक्टरांकडे जातात.

चेहऱ्याला साखरही नको. फारच हौस असेल तर ओट्स मिक्सरमध्ये इतके बारीक दळा की पाण्यात टाकताच पाणी दुधाळ व्हावं. ओट्सची अशी बारीक पूड त्वचेला शांत करते, हे निव्वळ आजीबाईंचं शहाणपण नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून तिला मान्यता दिली आहे. ही लापशी चेहऱ्यावर पाचेक मिनिटं ठेवायची आणि धुवायची. घासायची नाही. ज्यांना ओट्सची किंवा इतर धान्यांची ॲलर्जी आहे त्यांनी हेही करू नये. नाकावरच्या ज्या काळ्या टिकल्यांसाठी बहुतेक जण घासतात, त्यांचा काळेपणा धुळीचा नसतो. रंध्रातला तेलकट ऐवज हवेशी संपर्क येऊन काळपट होतो, त्यात मेलॅनिनही असतं. पुष्कळदा तर त्या ब्लॅकहेड नसतातच, तेलग्रंथींची नेहमीची तोंडं असतात, आज रिकामी केली तरी काही आठवड्यांत पुन्हा भरणारी. त्यांच्यासाठी सॅलिसिलिक ॲसिड असलेलं साधं फेसवॉश जे करेल ते साखर करणार नाही.

आणि काही वेळा काहीच करायचं नाही. चेहऱ्यावर पिकलेले फोड असतील, ऊन लागलेलं असेल, इसब किंवा लालीचा विकार असेल, रेटिनॉलचं क्रीम चालू असेल, वॅक्सिंग आदल्या दिवशी झालेलं असेल किंवा उद्या असेल, तर स्क्रबला सुट्टी. नवं काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर, न घासता, रोज थोडं लावून आठवडाभर बघा. एकदा लावून "काही झालं नाही" म्हणण्याला अर्थ नाही, कारण ॲलर्जी कित्येकदा उशिरा उठते.

बरणीबद्दलही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही लिंबू काढाल आणि महिनाभराचं कालवून ठेवालच. घट्ट पाक टिकतो, त्यात पाणी शिरलं की आंबतो. साखरेच्या स्क्रबचं तसंच आहे. कोरडी साखर आणि तेल यांत जंतूंना पाणी मिळत नाही. तुम्ही लिंबाचा रस घातलात, ओला चोथा घातलात आणि वर न्हाणीघराच्या वाफेत ठेवून ओल्या बोटांनी काढत राहिलात. बुरशीला याहून बरं घर मिळणार नाही. वास येत नाही म्हणजे ते चांगलं आहे, असंही नाही. बाजारच्या बरण्यांमध्ये ज्या परिरक्षकांना आपण केमिकल म्हणून नाकं मुरडतो, ते याच कामासाठी घातलेले असतात. तुमच्याकडे ते नाहीत, त्यामुळे तुमचा माल त्याच दिवसाचा. उरलं तर फेकायचं.

आता नणंद. नवऱ्याचं "आपोआप निवळेल" मला मान्य नाही, आणि त्याचं कारण मानापमानाचं नाही. ती बरणी अजून तिच्या घरात आहे. डाग पडलेत म्हटल्यावर कुणीतरी तिला सांगणार, "लिंबू चोळ, डाग जातील." किंवा ती तुमचाच स्क्रब आणखी जोराने घासेल. तुमच्या गप्प बसण्याने हे होऊ शकतं. म्हणून आजच कळवा. फोन उचलत नसेल तर निरोप लिहून पाठवा. लांबलचक नको. मी असं लिहीन: "मी दिलेल्या बरणीत लिंबाचा रस आणि साल होती. ती लावून उन्हात गेलं तर असे चट्टे येतात, हे मला आत्ता कळलं. तुला त्रास झाला, वाईट वाटतंय. ती बरणी टाकून दे. डागांना लिंबू किंवा स्क्रब लावू नकोस, ते घासू नकोस. डॉक्टरांकडे जाणार असशील तर त्यात काय काय होतं याची यादी खाली दिली आहे. तुला चालणार असेल तर मी बरोबर येते." आणि खाली खरोखर यादी लिहा, चिमूटभर हळदीसकट. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

त्यात "पण मला काही झालं नाही" हे वाक्य येऊ देऊ नका. "तुझी त्वचा जरा नाजूक आहे ना" हेही नाही. ही दोन वाक्यं घातलीत तर बाकीचं सगळं वाया जाईल. तिला हेही सांगा की असे डाग बहुतेक वेळा आपोआप फिकट होतात, मात्र आठवडे, कधी महिने लागतात. तोवर बाहेर जाताना तिथे एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन आणि टोपी किंवा ओढणी हवी, कारण ऊन लागत राहिलं तर डाग गडद होत जातील. फोड आले असतील, पाणी येत असेल, डोळ्यांजवळ काही असेल, तर वाट न बघता डॉक्टर.

ती लगेच उत्तर देईलच असं नाही. चेहऱ्यावर डाग घेऊन रोज बाहेर पडावं लागणाऱ्या मुलीला रागावायचा हक्क आहे, आणि तो राग तुमच्या सोयीने ओसरणार नाही. दहा दिवसांनी पुन्हा एकदा साधी विचारपूस करा. डाग कसे आहेत, एवढंच. सासूबाईंना वेगळं स्पष्टीकरण द्यायला जाऊ नका. नणंदेला लिहिलंत हे त्यांच्या कानावर आपोआप जाईल, आणि ते तुमच्या तोंडून न गेलेलंच बरं.

भेट द्यायची हौस असेल तर बारीक दळलेल्या ओट्सची कोरडी पूड द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. वर चिठ्ठी लावा: आत काय आहे, कधी दळलं, घासायचं नाही, ॲलर्जी असेल तर वापरायचं नाही. त्या चार बरण्यांमधलं मिश्रण मोरीत ओतू नका. खोबरेल तेल गारठ्यात थिजतं, त्यात चोथा अडकतो आणि नळ तुंबतो. कागदात काढून कचऱ्यात टाका.

आणि मानेसाठी याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना मानेला पावडर किंवा क्रीम लावू नका, आणि वर्षभर तिथे काय चोळत होतात, किती वेळा, तेही त्यांना सांगा. नणंदेसाठी केलेल्या यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवली असेल तर पुन्हा लिहायचे कष्ट वाचतील.